एमएम ५४०: एक्सडीपी काढून कोणतं डिझेल इंजिन बसवावं? आणि क्लचचं काय करावं?

रानवाट५४०:

मंडळी, गाडी १९८९ ची महिंद्रा एमएम ५४०. इंजिन एक्सडीपी ४.९०, गिअर बॉक्स केएमटी-९०, टायर ६.००-१६. ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा दाब, इतकं आहे की चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल केलं तर ते नाचायला लागतं. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. चढाला निळा धूर येतो. बोअर शेवटच्या साइझपर्यंत झालेला आहे, क्रँकही दोनदा ग्राइंड झालाय. तेव्हा इंजिन बदलायचं हे नक्की.

तीन पर्याय समोर आहेत: एक्सडी३पी, एमडीआय २५०० आणि टेम्पो ट्रॅक्समधलं ओएम ६१६. गॅरेजवाले म्हणतात, "मध्ये प्लेट मारू, कुठलंही इंजिन बसेल." म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या मध्ये जोडणारी लोखंडी प्लेट. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलीय, त्यामुळे क्लचचं कामही यातच करायचंय.

वापर: आठवड्यातून दोनदा शेतावर, ४० किमी डांबरी आणि १२ किमी कच्चा चढ. हायवेला ८० चा वेग पुरे. कोणतं घ्यावं? प्लेट मारण्यात धोका काय? क्लच जुनाच भरून घ्यावा की बदलावा?

लेथ_आणि_गेज:

आधी तिन्ही इंजिनांची जात समजून घ्या, म्हणजे निवड सोपी होईल.

एक्सडीपी ४.९० हे मुळात पीजोचं कारचं इंजिन. नावातले ४ म्हणजे सिलिंडर, ९० म्हणजे बोअर. ९० × ८३ मिमी, २११२ सीसी. पीजो ५०४ डिझेल कारमध्ये हेच होतं. एक्सडी३पी त्याच कुळातलं, बोअर ९४ आणि स्ट्रोक ९०, म्हणजे २४९८ सीसी. दोन्ही इनडायरेक्ट: डिझेल आधी हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पेटतं, मग पिस्टनवर येतं. म्हणून आवाज मऊ, फेरे मिनिटाला ४५०० च्या घरात जातात, पण थंडीत हीटर प्लगशिवाय भागत नाही.

एमडीआय २५०० हे ८८.९ × १०१.६ मिमीचं, २५२३ सीसी. लांब स्ट्रोकचं, डायरेक्ट इंजेक्शनचं, रक्त ट्रॅक्टरचं. खालच्या फेऱ्यांना ओढ उत्तम आणि डिझेल कमी खातं. पण धक्के मोठे, आणि ३००० च्या आसपास दम संपतो.

ओएम ६१६ मर्सिडीजचं, ९०.९ × ९२.४ मिमी, २३९९ सीसी. आकुर्डीत ते परवान्यावर बनत होतं. टिकाऊपणात तिन्हींत सरस. पण तुमच्या बेल हाउसिंगशी (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणारं, क्लच झाकणारं कवच) त्याचं काहीही जुळत नाही, आणि कागदाचा प्रश्न वेगळाच.

तुमच्या वापराला माझं मत एक्सडी३पी. गिअर बॉक्स आहे तिथेच राहतो, फाउंडेशनचं (इंजिन चेसिसला टेकतं त्या जागांचं) काम कमी आणि गाडीचा स्वभाव बदलत नाही. बेल हाउसिंग, फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) आणि सेल्फ त्याच डोनर गाडीतले, म्हणजे जिच्यातून इंजिन काढलं तिच्यातले, मागून घ्या. फ्लायव्हील एका गाडीचं आणि सेल्फ दुसऱ्याचा असला की फ्लायव्हीलच्या रिंगचे दात आणि सेल्फच्या पिनियनचे दात जुळत नाहीत. सहा महिन्यांत रिंग खाल्ली जाते आणि त्यासाठी गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

जुनं इंजिन विकत घेताना चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून बघा. इनडायरेक्ट इंजिनला गरम असताना २५ बारच्या पुढे हवं. २० च्या खाली असेल तर ते इंजिन घेऊ नका. सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक ४ बारपेक्षा जास्त नको. मग फ्लायव्हील दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकला. क्रँकची खेळी ०.१ ते ०.३ मिमी ठीक. हाताला "टक" असा आवाज स्पष्ट लागला तर थ्रस्ट वॉशर गेलेत. हे क्लचसाठी फार महत्त्वाचं: पेडल दाबलं की सगळा जोर क्रँकवर पुढच्या दिशेला जातो आणि तो झेलणारे हेच वॉशर असतात.

घाटवळण:

एमडीआय पूर्ण बाद करण्याआधी एक गणित करा. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर चालतो. डिफरन्शिअल ५.३८ चा (म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) असेल तर टॉप गिअरमध्ये ३००० फेऱ्यांना वेग येतो सुमारे ७३ किमी. ४.८८ चा असेल तर ८१. म्हणजे ५.३८ वर एमडीआय टाकलं तर ८० ला जाण्याआधीच इंजिन ओरडायला लागणार. एक्सडी३पी त्याच डिफरन्शिअलवर ३३०० फेऱ्यांत ८० देईल, आणि ते त्याच्या आरामाचे फेरे आहेत.

रेशो माहीत नसेल तर डिफरन्शिअल उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रलला, गाडी टू-व्हीलमध्ये, पुढच्या चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर घट्ट. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. शाफ्टवर खडूची रेघ मारून ठेवा. पाच फेरे आणि तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त आले तर ५.३८ (४३ दात क्राउनला, ८ पिनियनला). पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८ (३९ आणि ८).

सिंधुदुर्ग_डिझेल:

एक्सडी३पी ला टर्बो लावला तर? घाटात मजा येईल.

लेथ_आणि_गेज:

नको. इनडायरेक्ट इंजिनचं कॉम्प्रेशन आधीच खूप जास्त असतं. बूस्ट वाढवला की हेड गॅस्केट आणि पिस्टनचा माथा यांच्यावर भार येतो. पीजोने टर्बोची इंजिनं काढली, १९७९ ची ६०४ त्याचीच, पण ती कारखान्यातून त्यासाठीच तयार झालेली. तीस वर्षं चाललेल्या ब्लॉकवर हा प्रयोग करू नका. पंप नीट कॅलिब्रेट करून घ्या, नोझल ११० ते १३० बारच्या दरम्यान उघडतायत का बघा, टॅपेट लावा. निम्मी "गेलेली" ओढ तिथेच परत मिळते.

प्लेट_आणि_डॉवेल:

आता "मध्ये प्लेट मारू" याबद्दल, कारण या कामात गाड्या बिघडतात त्या इथेच. इंजिन कुठलंही बसतं, हे खरं आहे. प्रश्न असतो इंजिनच्या क्रँकची मध्यरेषा आणि गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टची मध्यरेषा एका ओळीत आहेत का. नुसते बोल्ट ती ओळ राखत नाहीत. बोल्टच्या भोकात अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळीक असतेच. ओळ राखतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसून जागा धरून ठेवणाऱ्या पिना. प्लेट बनवताना वेल्डिंगच्या गॅसने कापून, भोकं पंचाने ठोकून काम करणाऱ्याकडे जाऊ नका. मिलिंगवर कोऑर्डिनेटने भोकं करणारा शोधा. प्लेट १२ ते २० मिमी जाड, दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या आणि एकमेकींना समांतर.

प्लेट बसवल्यावर तपासणी अशी: बेल हाउसिंग इंजिनवर डॉवेलसकट घट्ट करा, गिअर बॉक्स अजून लावू नका. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलवर बसवा, गेजचं टोक बेल हाउसिंगच्या ज्या गोल भोकात गिअर बॉक्सचा कॉलर बसतो त्याच्या आतल्या कडेला टेकवा. क्रँक सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. काटा एकूण ०.२५ मिमीपर्यंत हलला तर चालेल, म्हणजे मध्यबिंदू सव्वा दशांश मिलिमीटरच सरकलाय. काटा ०.४० हलला तर हाउसिंग सरकवा: ऑफसेट डॉवेल घाला किंवा डॉवेलची भोकं मोठी करून, बरोबर जागी आणून पुन्हा रीम (अचूक मापाची) करा. मग तेच टोक हाउसिंगच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून पुन्हा एक फेरा. इथेही ०.२ च्या आत हवं. ही दुसरी मोजणी करताना क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर क्रँकची खेळीच गेजवर दिसते आणि खोटा आकडा मिळतो.

हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते न केल्यावर जे होतं ते असं: टॉप गिअर आपोआप न्यूट्रलला सुटतो, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटतात, हब फाटतो, गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगला रडका आवाज लागतो. मग लोक गिअर बॉक्स खोलतात, बेअरिंग बदलतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

दुसरी गोष्ट पायलट बुश, म्हणजे क्रँकच्या टोकातला, इनपुट शाफ्टचं टोक टेकतं तो बुश. प्लेट १५ मिमीची घातली म्हणजे गिअर बॉक्स १५ मिमी मागे गेला, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोकही क्रँकमधल्या बुशातून तेवढं बाहेर आलं. बुशाच्या लांबीपैकी निदान तीन चतुर्थांशावर शाफ्ट टेकला पाहिजे. नसेल तर पुढे आलेला नवा बुश टर्न करून घ्या. उलट बाजूने, शाफ्टचं टोक क्रँकमध्ये आत जाऊन आपटताही कामा नये, ३ मिमी तरी जागा हवी. मोजायला सोपी युक्ती: बुशाच्या आतल्या भोकात चिकणमातीची गोळी ठेवा, गिअर बॉक्स एकदा लावून काढा, दबलेल्या गोळीची जाडी मोजा आणि माती पूर्ण काढून टाका.

बुश सिंटर्ड ब्रॉन्झचा घ्या, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. त्याला ग्रीस लावायचं नाही, ग्रीसने त्याची छिद्रं बुजतात आणि तो कोरडा पडतो. ठोकून बसवला की बुशाचं भोक आकसतं, त्यामुळे बसवल्यानंतर रीमर फिरवून शाफ्टवर ०.०५ ते ०.१० मिमी मोकळीक ठेवा. हे राहून गेलं तर बुश शाफ्टला पकडतो. मग क्लच पूर्ण दाबूनही शाफ्ट फिरतच राहतो, रिव्हर्स पडताना खर्रर्र होतं, आणि दोष क्लचच्या माथी जातो.

एक्सडी३पी आणि महिंद्राचंच बेल हाउसिंग घेतलंत तर प्लेटचा प्रश्न येत नाही. तरी डायल गेज लावाच. जुन्या हाउसिंगांच्या डॉवेल पिना अनेकदा हरवलेल्या असतात आणि कोणीतरी नुसत्या बोल्टवर गाडी चालवलेली असते.

रानवाट५४०:

मग एक्सडी३पी नक्की करतो. आता क्लचचं सांगा. प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट करून देणारा माणूस आहे, निम्म्या पैशांत होतं. आणि पेडल सध्या फार जड आहे, लिंकेजही खडखडते.

क्लच_पेडल:

लायनिंग भरून घेऊ नका. लायनिंग नवं बसेल, पण हबमधल्या स्प्रिंगा, स्प्लाइन आणि दोन लायनिंगांमधला लहरी पत्रा जुनाच राहील. तो पत्रा चपटा झाला की क्लच सोडताना गाडी हापकते, गचके खाते. डिझेलच्या धक्क्यांना प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) तिन्ही नवी आणि एकाच मापाची घ्या.

माप किती? क्लच किती टॉर्क पेलतो हे काढता येतं: दोन पृष्ठभाग × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. २२८ मिमीची प्लेट, आतला व्यास १५० धरला तर सरासरी त्रिज्या सुमारे ९५ मिमी. घर्षणांक ०.२७ आणि दाब ४५०० न्यूटन असेल तर उत्तर येतं २३० न्यूटन-मीटर. तुमच्या इंजिनचा टॉर्क १५० च्या आसपास धरला तर दीडपट, म्हणजे बरोबर. २०० मिमीची प्लेट तेवढ्याच दाबावर २०० च्या आसपास पेलते. कागदावर तीही चालते, पण कच्च्या चढाला अर्धा क्लच धरून चाललं की लहान प्लेटला उष्णता टाकायला जागा नसते. वास येतो तो त्याचाच. चढाला ट्रान्स्फर केसचा लो गिअर टाकायची सवय लावा. तुमच्या स्पायसर १८ ट्रान्स्फर केसचा लो २.४६ चा आहे, तेवढ्याने क्लचचं काम निम्म्याहून कमी होतं.

फ्लायव्हील लेथवर स्किम करून (पातळ थर उतरवून) घ्या, पण अर्धा मिलिमीटर फार तर. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्रेशर प्लेट बसते ती कड आणि प्लेट घासते तो भाग वेगवेगळ्या उंचीवर, तर दोन्हीकडून सारखंच उतरवायचं. एकच बाजू उतरवली की दाब बदलतो: घासणारा भाग जास्त उतरवला तर क्लच घसरतो, कड जास्त उतरवली तर प्रेशर प्लेट नीट सुटत नाही. निळे डाग म्हणजे तिथलं लोखंड तापून कडक झालेलं. तिथे टूल उडी मारतं, त्यामुळे डाग असतील तर टर्निंग नको, ग्राइंडिंगच. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, आणि ज्या बोल्टची भोकं क्रँककेसमध्ये उघडतात त्यांच्या आट्यांना सीलंट. मागचं ऑइल सील याच वेळी नवं टाका. नव्या प्लेटवर ऑइलचा एक ओघळ आला तरी ती कायमची हापकते, पेट्रोलने धुऊन उपयोग होत नाही.

बसवताना प्लेटची लांब बाजू सहसा गिअर बॉक्सकडे. आधी हाताने फ्लायव्हीलवर ठेवून फिरवून बघा, हब किंवा स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाहीत ना. जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर तोच मधोमध धरायला वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एका वेळी एक फेरा, असे आवळत जा. एकच बाजू आधी आवळली तर तिचं कव्हर वाकतं.

आणि हे लक्षात ठेवा: गिअर बॉक्स आणि इंजिन जोडताना दोन तोंडांत १०-१२ मिमी फट राहून अडलं तर थांबा. बोल्टने ओढून फट मिटवू नका. एक तर प्लेट मधोमध नाही, नाहीतर शाफ्टचं टोक बुशाच्या तोंडाशी अडलंय. ओढलं तर हाउसिंगचा कान तडकतो किंवा बुश चिरडतो. गिअर बॉक्सचं वजनही शाफ्टवर लटकू देऊ नका. पाच मिनिटं लटकला तरी प्लेटचा हब वाकतो, आणि मग क्लच सुटत नाही म्हणून सगळं पुन्हा खाली.

जड पेडलसाठी हायड्रॉलिक करा. चेसिसला बांधलेली लिंकेज इंजिन हललं की ओढली जाते, म्हणून गाडी उचलताना थरथरते. मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) पाऊण इंची, स्लेव्ह (क्लचकडचा) सात-अष्टमांश इंची. मास्टरच्या २८ मिमी चालीला स्लेव्ह साधारण २० मिमी जातो. फोर्क २:१ असेल तर बेअरिंग १० मिमी सरकतं. डायफ्रॅम क्लचला (एकाच गोल पत्र्याची स्प्रिंग असलेल्या) ८-९ मिमी लागतं, म्हणजे पुरून उरतं. कोणी एक इंची स्लेव्ह देईल, पेडल आणखी हलकं होईल म्हणून. घेऊ नका: बेअरिंग ८ मिमीच्याही आत राहतं आणि गिअर खरखरतात. स्लेव्ह बेल हाउसिंगलाच पक्का करा, चेसिसला नको. फ्लुइड डॉट ३ किंवा ४, एअर काढताना स्लेव्हचा निप्पल सगळ्यात वर असला पाहिजे. पेडलला २० ते २५ मिमी खेळी ठेवा. ती संपली की बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट न सांगता घसरायला लागते.

घाटवळण:

एक भर. जुनी प्रेशर प्लेट तीन बोटांची असेल आणि नवी डायफ्रॅमची घेतलीत, तर रिलीज बेअरिंगही बदलावं लागतं, दोघांचं तोंड वेगळं असतं. आणि बेअरिंगच्या स्लीव्हची लांबी मोजा. डायफ्रॅमची बोटं जुन्यापेक्षा पुढे-मागे असतात. इंजिन लावण्याआधी मोजलं तर पाच मिनिटांचं काम, नंतर मोजलं तर पुन्हा सगळं उतरवा.

पासिंग_आधी:

कागदांबद्दल, कारण काम सुरू झाल्यावर हे आठवून उपयोग नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असता कामा नये, आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकच वाचलं आहे. तुमच्या बाबतीत नुसता इंजिन नंबरच बदलणार नाही, तर सीसीही २११२ वरून २४९८ होणार. म्हणून आधी आरटीओत अर्ज, तोंडी होकारावर नाही तर लेखी मान्यता, मग इंजिनला हात. विकत घेणार त्या इंजिनचं बिल, डोनर गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी स्क्रॅप झाली असेल तर रद्द झाल्याचा कागद, तिन्ही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर खरवडलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. ओएम ६१६ वेगळ्या निर्मात्याचं, त्याची मान्यता मिळेल हे गृहीत धरू नका. आरसीत नोंद झाली की विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो.

रानवाट५४०:

अर्ज सोमवारी देतो. मान्यता येईपर्यंत डोनर बेल हाउसिंग आणून डॉवेल बघतो. जोडल्यानंतर पहिल्या काही दिवसांत काय बघत राहायचं?

क्लच_पेडल:

पहिले ५०० किमी अर्धा क्लच धरून चढ चढू नका, लायनिंग बसायला वेळ द्या. मग फाउंडेशनचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट एकदा आवळा. गाडी थंड असताना हाउसिंगच्या तळाच्या छोट्या भोकात कापूस लावून दोन दिवस चालवा. काळं ऑइल आलं तर इंजिनचं मागचं सील, जाडसर पिवळट आलं तर गिअर बॉक्सचं पुढचं. आणि पेडलची खेळी दर आठवड्याला पट्टीने मोजा, नवी प्लेट बसताना ती कमी होतेच.

लेथ_आणि_गेज:

रेडिएटरचा पंखा आणि कोअर यांत २० मिमी जागा आहे ना, हे इंजिन टेकवतानाच बघा. फाउंडेशनचं रबर नवं असेल तर ब्रेक मारल्यावर इंजिन थोडं पुढे येतंच. आणि ऑइल चेंबरचा (इंजिनच्या खालच्या सम्पचा) तळ पुढच्या डिफरन्शिअलला लागत नाही ना, ते स्प्रिंग पूर्ण दाबून बघा: चेसिसवर वजन टाकून बंप स्टॉपपर्यंत खाली आणा, तेव्हाही ४० मिमी मोकळं हवं.